‘प्लावक’ बल की ‘तरंगबल’?

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या विज्ञानात ‘प्लावक बल’ (पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल) असा शब्द येतो, मुलांची जीभ अडखळते. त्याऐवजी सरळ ‘तरंगबल’ म्हटलं तर काय बिघडलं? शिवाय ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ या वाक्याला शिक्षक चूक का म्हणतात?

‘तरंगबल’ला माझी हरकत आहे आणि ती विज्ञानाच्याच बाजूने आहे. या नावावरून वाटेल की हे बल फक्त तरंगणाऱ्या वस्तूच्या वाट्याला येतं. बुडणाऱ्या धोंड्यालाही पाणी वर ढकलतच असतं, फक्त ते ढकलणं पुरत नाही. आडातून घागर शेंदणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं: भरलेली घागर पाण्यात असेतो अलगद वर येते आणि पाण्याबाहेर निघाली की दोर हाताला काचतो. पाण्यात खाली जावं तसा दाब वाढतो. त्यामुळे वस्तूच्या बुडाला वरच्या बाजूपेक्षा जास्त रेटा बसतो आणि या दोन रेट्यांतला फरक म्हणजेच हे बल. त्याचं माप इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिरॅक्यूजच्या आर्किमिडीजने सांगितलं: वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं.

आता ‘प्लावक’. संस्कृतात ‘प्लु’ धातू आहे. पोहणं, तरंगणं आणि उडी मारणं हे तिन्ही अर्थ त्यात आहेत, म्हणून माकडालाही ‘प्लवग’ म्हणतात. ‘प्लवते’मधला ‘ल’ प्राकृतात गळला आणि ‘पवइ’ झालं. हे आपल्या ओळखीचं नाही का? कोल्हापूर भागात माणूस पोहत नाही, ‘पवतो’. पोरं विहिरीवर ‘पवायला’ जातात, पंचगंगेच्या घाटावरून उड्या टाकणारा ‘पवण्यात पटाईत’ असतो. शहरात गेल्यावर हाच शब्द गावंढळ ठरवून आपण लपवतो, पण ‘प्लावक’शी त्याचं रक्ताचं नातं आहे. प्रमाण भाषेतलं ‘पोहणं’ही त्याच घराण्यातलं. (जाता जाता: साठ संवत्सरांत एकाचं नाव ‘प्लव’ आहे. ते शके 1943 मध्ये आलं होतं, म्हणजे 2021 साली, आणि त्याच जुलैत कोल्हापूरला महापूर आला. योगायोगच, पण पंचांगवाल्यांना आयतं कोलीत मिळालं.)

पुरावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर उचलून पाहा. गॅस 14.2 किलो, टाकी साधारण 15-16 किलो, म्हणजे तीस किलोच्या आसपास. एकट्याने जिना चढवताना कंबर धरते. आणि पुराचं पाणी घरात शिरलं की हाच सिलिंडर स्वयंपाकघरात तरंगू लागतो. त्याच्या पोटात 33 लिटरहून थोडं जास्तच पाणी मावेल एवढी जागा असते. पूर्ण बुडायचं तर त्याला त्याहून अधिक, म्हणजे 33 किलोहून जास्त वजनाचं पाणी हटवावं लागेल. तेवढं त्याचं वजनच नाही, म्हणून तो थोडा वर राहतो. उलट दोन ग्रॅमचा लोखंडी खिळा सरळ तळाला जातो, कारण लोखंड तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असतं. तेव्हा चूक ‘जड’ आणि ‘हलकं’ या शब्दांत नाही, ‘कशाच्या मानाने’ हे न सांगण्यात आहे. ‘आकाराच्या मानाने हलकं’ ही आपली नेहमीची बोली आहे. एवढं जोडलं की वाक्य बरोबर होतं आणि ‘घनता’ शब्दाची गरजही कळते.

‘तरणं’ आणि ‘तरंगणं’ यांत गल्लत नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत ‘तरल्या’ असं आपण म्हणतो, ‘तरंगल्या’ म्हणत नाही. तरण्यात वाचणं, पार होणं आलं. नुसतं पृष्ठभागावर राहणं सांगायचं तर ‘तरंगणं’ पुरे, मग ‘तरंग’ म्हणजे लाट असली तरी संथ पाण्यातही ते चालतं.

व्याख्या लिहिताना मात्र ‘पाणी’वर थांबू नका. गरम हवेचा फुगा वर जातो तोही याच बलाने. त्यासाठी ‘द्रायू’ हा शब्द आहे, द्रव आणि वायू जोडून घडवलेला. परिभाषेतल्या अनेक शब्दांशी माझं जमत नाही, हा मात्र झकास जमलाय.