आयटी कंपनीत गरीब घरातली मुलं यावीत आणि टिकावीत यासाठी कंपनीने नेमकं काय करावं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही पुण्यातल्या तीनेकशे माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला आहात, दरवर्षी पंधरा-वीस फ्रेशर घेता, आणि ती सगळी साधारण एकाच प्रकारच्या घरांतली निघतात. हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं एक तर येतच नाहीत, आणि आली तर वर्षभरात जातात. मी त्या दुसऱ्या प्रकारच्या घरातला आहे. पंधरा वर्षं याच धंद्यात काढली, आता टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक विचारतो. तुमच्या एचआर राउंडला "वडील काय करतात?" हा प्रश्न असतो का? मला २००८ साली विचारला होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूरच्या मोंढ्यात हमाली करायचे. मी म्हणालो, "मोंढ्यात असतात." समोरच्या मॅडम खूश झाल्या. "अच्छा, म्हणजे बिझनेस फॅमिली!" मी मान हलवली. निवड झाली. त्या मान हलवण्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, टेस्टमध्ये मी बराच वर होतो. पण पुढची दोन वर्षं त्या ऑफिसात मी आडत्याचा मुलगा म्हणून वावरलो. सोयाबीनचा भाव काय चाललाय असं कुणी सहज विचारलं तरी घाम फुटायचा. (भाव मला माहीत असायचा. पोती उचलणाऱ्याला भाव आडत्याइतकाच पाठ असतो.)

पुढे कधीतरी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा २००७ सालचा एक अभ्यास वाचनात आला. त्यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून नोंदवलंय की बहुतेक जण 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतात आणि त्यावरून मुलाची लायकी, स्वभाव, संस्कार ठरवतात. आणि हे करताना आपण फक्त गुणवत्ता बघतो असं त्यांना मनापासून वाटत असतं. वाचून मला राग आला नाही, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तो प्रश्न फक्त मलाच टोचला नव्हता.

गंमत अशी की हाच प्रश्न ब्रिटनमध्ये उलट्या कामासाठी वापरतात. "तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातली मुख्य कमावती व्यक्ती काय काम करायची?" असं कंपन्यांनी आपल्या माणसांना विचारावं, अशी तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनची शिफारस आहे. उत्तर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात पडत नाही. कुठल्या घरांतून किती माणसं आली, त्यांतली किती वर चढली, हे मोजायला ते वापरतात. तुमच्याकडे फुकटात आणि लगेच होण्यासारखं पहिलं काम हेच आहे: तो प्रश्न मुलाखतीतून काढा आणि नाव न लिहिता भरायच्या फॉर्ममध्ये टाका. सध्या तुम्ही 'साधारण एकाच प्रकारची' असं अंदाजाने म्हणताय. आकडा समोर आला की तुमच्याच डायरेक्टरांशी बोलायला बळ येईल.

आता मुलं येतच का नाहीत ते. पुष्कळांना वाटतं, खेड्यातल्या मुलाला कोडिंग जमत नसेल. अहो, कोडिंगपर्यंत त्याला पोचू कोण देतं? त्याच्या आधी '६० टक्के थ्रूआउट'ची चाळणी आहे. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, डिग्री, सगळीकडे साठ, आणि एकही जिवंत केटी (नापास होऊन राहिलेला विषय) नको. माझा खोलीतला दोस्त आमच्या वर्गात सगळ्यांत चांगला प्रोग्रामर होता, आमच्या सगळ्यांचे प्रोजेक्ट त्यानेच उभे केले. बारावीला ५८ टक्के. त्या वर्षी त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि हा सहा महिने शेतात. तीन वर्षांनंतरही ते दोन टक्के आडवे आले. एकाही मोठ्या कंपनीच्या टेस्टला त्याला बसता आलं नाही. आज तो तालुक्याला सीसीटीव्ही बसवतो. धंदा बरा चाललाय त्याचा, पण विषय तो नाही.

बाहेरच्यांना 'लातूर पॅटर्न'मुळे वाटतं की आमच्याकडचा पोरगा म्हणजे टॉपर. पॅटर्न आहे, खरं आहे. त्या क्लासची फी पण आहे. मी दहावीनंतर डिप्लोमाला गेलो कारण तीन वर्षांत हाताला काम लागेल असा घरचा हिशोब होता. नंतर इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला आलो आणि एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, आडवा केला. फर्स्ट इयरची गणितं न करता एकदम त्या पेपराला बसणाऱ्या डिप्लोमावाल्यांचं हे जुनं दुखणं आहे. केटी सुटली, अ‍ॅग्रिगेट ६१ वर आलं. दीड टक्का कमी असता तर हे उत्तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

आणि हे साठ टक्के मोजतात तरी काय? पीडब्ल्यूसी या बड्या ऑडिट कंपनीने ब्रिटनमध्ये २०१५ साली पदवीधरांच्या भरतीतून बारावीच्या तोडीच्या मार्कांची अट काढून टाकली. कारण सरळ होतं: त्या मार्कांत शाळेचा आणि घराचा वाटा फार असतो. तुम्ही वर्षाला पंधरा-वीस माणसं घेता. टेस्ट सगळ्यांना खुली ठेवलीत तर फार तर हजार पेपर जास्त येतील, आणि ते मशीनच तपासतं.

टेस्टचंच घ्या. हल्ली ती घरून, कॅमेरा चालू ठेवून असते. माझ्या मावसभावाची टेस्ट मागच्या वर्षी अर्ध्यात बंद पडली. कारण दाखवलं, 'दुसरी व्यक्ती आढळली'. दुसरी व्यक्ती म्हणजे मावशी. एका खोलीचं घर, चूल त्याच खोलीत. त्याने मेल केला, उत्तर नाही. कंपनीने बहुधा मुद्दाम काही केलं नसेल. पण ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याच्यासाठीच ती टेस्ट बनलीय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या कॉलेजची लॅब एका दिवसासाठी घ्या, तिथे टेस्ट ठेवा. आणि पुण्याला बोलावणार असाल तर एसटीचं भाडं द्या, तेही त्याच दिवशी, रोख. 'रीइम्बर्समेंट' शब्द ऐकला की आमच्याकडचा मुलगा समजतो की पैसे गेले.

भाषेबद्दल. जीडी, म्हणजे ग्रुप डिस्कशन, कृपा करून बंद करा. माझ्या जीडीत विषय होता आयपीएल, आणि तीन कॉन्व्हेंटवाली मुलं एकमेकांशी बोलत होती. मी दोन वाक्यं बोललो, त्यातलं एक 'आय अ‍ॅग्री' होतं. त्या कंपनीने मला तिथेच घरी पाठवलं. ज्या कंपनीने घेतलं तिथे जीडी नव्हता, एवढाच फरक. मी आता मुलाखत घेतो तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, मराठी, हिंदी, इंग्रजी, जी येईल ती बोल, कोड मात्र मला समजाव. इंग्रजी मेल आणि क्लाएंट कॉल मुलं सहा-आठ महिन्यांत शिकतात, मी शिकलो. विचार करायला शिकवणं मला आजवर कुणाच्याही बाबतीत जमलेलं नाही.

इथे एक अभ्यास सांगण्यासारखा आहे, कारण तो माझ्या समजुतीच्या थोडा विरोधात जातो. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड वगैरेंनी दिल्लीच्या आसपासच्या ३७१ नोकऱ्यांसाठी ३,१६० बनावट अर्ज पाठवले, शिक्षण सारखं ठेवून फक्त आडनावं बदलली. २००९ साली ते छापून आलं. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत आडनावावरून बोलावण्यात फरक दिसला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत दिसला. जिथे बोलण्या-वागण्याला भाव, तिथे आडनाव मध्ये आलं. याउलट सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींवर असाच प्रयोग केला, तेव्हा दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणं यायची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत दोन-तृतीयांशच भरली. मुस्लिम नावांचं त्याहून वाईट.

मी यातून काढतो तो अर्थ असा की आपल्या धंद्यात पहिल्या अर्जाला आडनाव फारसं आडवं येत नसेलही, पण अर्ज करण्याच्या जागेपर्यंत कोण पोचतो आणि आत आल्यावर कोण रुळतो, यात घर आणि जात दोन्ही आहेत. कॅरोल उपाध्य यांनी बंगळुरूच्या आयटीवर २००७ च्या सुमाराला लिहिलं, त्यात तिथला कर्मचारी मुख्यतः शहरी, मध्यमवर्गीय आणि वरच्या जातींतलाच आढळला. 'आम्ही फक्त आर्थिक बघतो, जात मध्ये आणत नाही' म्हणणं कंपनीला सोयीचं असतं. फॉर्ममध्ये दोन्ही विचारा.

आता टिकत का नाहीत. यावर जास्त लिहितो, कारण एचआरवाले इथे हमखास चुकतात.

मला ऑफर मिळाली २००८ च्या दिवाळीआधी. जॉइनिंग जून २००९. मंदी आली, मग मेल आला: तारीख नंतर कळवू. ती आली फेब्रुवारी २०१० ची. आठ महिने. माझ्याबरोबरच्या एका मुलाने त्या काळात जावा आणि ओरॅकलचा क्लास लावला, एक जण परदेशी शिकायला जाण्यासाठी जीआरईला बसला. मी लातूरला झेरॉक्सच्या दुकानात होतो, बँकेचा कर्जाचा हप्ता विचारायला माणूस घरी यायचा. आणखी दोघे निवडलेले होते, ते थांबू शकले नाहीत. एक शिक्षण सेवकाच्या मागे लागला, एक पुण्यात बीपीओत चिकटला. कंपनीच्या कागदावर मात्र ते 'नॉट जॉइन्ड'. २०२२-२३ मध्येही फ्रेशरना असंच महिनोन्महिने ताटकळत ठेवलं गेलं. थांबणं ही पैशाची गोष्ट आहे. तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर निम्मा पगार सुरू करा, नाही तर तेवढीच माणसं निवडा जेवढी खरंच घेणार आहात.

मग पहिला महिना. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यायची तरी डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स, फॉर्मल कपडे, बूट, हिंजवडीपर्यंतचा प्रवास. पगार महिना संपल्यावर, आणि पंधरा तारखेनंतर जॉइन झालात तर काही ठिकाणी थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी. अण्णांनी मुकादमाकडून वीस हजार उचल घेतली तेव्हा मी कामावर गेलो. वर्षानुवर्षं मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळतंय. वाकड-हिंजवडीची भाडी कुठल्या कुठे गेली. ज्याचं घर पुण्यात आहे त्याला तो पगार म्हणजे खिशात, आणि ज्याला अर्धा पगार घरी पाठवायचा आहे त्याला तो पुरत नाही. पहिल्या दिवशी महिन्याचा पगार अ‍ॅडव्हान्स आणि दोन महिने राहायची सोय, एवढं केलंत तर वर्षभरात निघून जाणाऱ्यांतले बरेच थांबतील असं मला वाटतं. एका फ्रेशरमागे भरती-ट्रेनिंगचा तुमचा खर्च काढून बघा, हे त्याच्या मानाने किरकोळ आहे.

सरकारी बाजूने काही सुधारलंय. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतून मिळालेल्या प्रवेशाची पूर्ण फी राज्य सरकार भरतं, पूर्वी निम्मी भरायचं. माझ्या भाचीला याचा उपयोग झाला. पण होस्टेल, मेस आणि लॅपटॉप हे फीमध्ये येत नाहीत, आणि मुलगी शिकायची थांबते ती बहुतेक तिथे.

तयार नमुने बघायचे असतील तर झोहो या सॉफ्टवेअर कंपनीची शाळा बघा. २००५ च्या आसपास चेन्नईत सुरू झाली, बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं घेतात, फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन, आणि नंतर तिथेच नोकरी. तेनकासीसारख्या लहान गावातही त्यांनी ऑफिस काढलं. विप्रो बीएस्सी-बीसीए झालेल्यांना घेऊन नोकरी करता करता एम.टेक. करू देते, ही योजना खूप जुनी आहे. ठरावीक वर्षं सोडून जाता येत नाही ही त्यातली मेख, पण बीएस्सीवाल्या मुलाला दुसरं दार कुठे आहे? पुण्यात नवगुरुकुलचं निवासी केंद्र आहे. ते गरीब घरांतल्या मुलींना फुकट प्रोग्रामिंग शिकवतात. तुमच्या आकाराच्या कंपनीने स्वतःची शाळा काढायच्या फंदात पडू नये, अशा ठिकाणाहून दरवर्षी तीन-चार जणी घ्याव्यात.

एक शेवटचं, ज्यावर फार कुणी बोलत नाही. पगार वाढतो तो नोकरी बदलून. माझ्या बरोबरीच्यांनी पाच वर्षांत तीन कंपन्या बदलल्या, मी एकही नाही. बहिणीचं लग्न, कर्ज, अण्णांची पाठ गेलेली. मधला एक महिना जरी बिनपगारी गेला असता तर घर बसलं असतं. मला रेफर करणारं, म्हणजे दुसऱ्या कंपनीत आतून नाव सुचवणारंही कुणी नव्हतं. रेफरल मिळतो तो कॉलेजच्या आणि सोसायटीच्या ओळखीतून. सात वर्षांनंतर कळलं की मी शिकवलेल्या मुलाचा पगार माझ्या दीडपट आहे. तुमच्याकडे जो कधीच वाढ मागत नाही, दिवाळीला सगळ्यांत शेवटी सुट्टी टाकतो, बॉण्ड संपला तरी हलत नाही, त्याची पगाराची चिठ्ठी एकदा काढून बघा.

यातल्या पहिल्या पगाराच्या अ‍ॅडव्हान्ससाठी तुम्हाला फायनान्सच्या मागे लागावं लागेल, जीडीसाठी मॅनेजरांशी वाद घालावा लागेल. साठ टक्क्यांचा रकाना मात्र बहुतेक तुमच्याच लॉगिनमधून बदलता येतो. या वर्षीच्या कॅम्पसचे मेल निघायच्या आधी तेवढा बदला.