इंजिन उघडलंच आहे, तर काय काय बदलावं?

प्रश्न : माझ्या यामाहा ब्लास्टरचा (टू-स्ट्रोक, चार चाकी ऑफ-रोड गाडी) पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला. सिलिंडर बोअर करायचाच (आतून कातून मोठा करायचाच) आहे, तर मोठ्यात मोठा पिस्टन घालून ताकद वाढवून घेऊ का?

उत्तर : तसं करू नका. ब्लास्टरचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५७, म्हणजे १९५ सीसी. बोअर ६७ केला तरी इंजिन २०१ सीसीचंच होतं. ही ३ टक्के वाढ गाडीवर बसून जाणवत नाही, आणि स्लीव्हमधली (सिलिंडरच्या आतल्या नळीतली) पुढच्या बोअरिंगची जागा मात्र कायमची जाते. ओरखडे निघतील तेवढाच ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन घ्या. पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर बोअरिंगला द्या, कारण फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन तापल्यावर कास्टपेक्षा (ओतीव पिस्टनपेक्षा) जास्त फुगतो आणि त्याला फटही जास्त लागते. काम झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या) कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर कडा किंचित मोडून घ्या, नाहीतर रिंग तिथेच अडकून तुटेल.

पण पिस्टन सीझ का झाला, ते शोधलंत का? इंजिन बांधून झालं की इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण ६ पीएसआय हवा भरा आणि ६ मिनिटं प्रेशर गेजच्या काट्यावर नजर ठेवा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावत जा. मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलवर (क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी कडीवर) बुडबुडे आले, तर इंजिन तिथून जादा हवा ओढत होतं आणि मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं. क्लचच्या बाजूचं सील झाकणाच्या आत असतं, त्याची गळती गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीच्या टोकाशी कळते. ते सील गेलेली गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअर ऑइल घटत जातं. मी एकदा घाईत ही चाचणी सोडली होती. नवाकोरा पिस्टन पहिल्याच फेरीत गेला. दोन्ही सील नवीच घाला.

प्रश्न : मी दगडधोंड्यांत आणि चढावर सावकाश चालवतो. खर्च एकाच गोष्टीवर करायचा तर एक्झॉस्ट की रीड?

उत्तर : रीड, म्हणजे मिश्रण आत सोडणारी, परत जाऊ न देणारी पाकळ्यांची झडप. जुन्या पाकळ्या उजेडाकडे धरा. टोकं झिजली असतील, कडेनं फट दिसत असेल, तर कमी आरपीएमला मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फेकलं जातं. थ्रॉटल उघडल्यावर गाडी क्षणभर अडखळते ती त्यामुळेही.

एक्झॉस्ट घ्यायचाच तर विचारून घ्या, तो कोणत्या आरपीएमसाठी बनवला आहे. टू-स्ट्रोकच्या चेंबरमधला (एक्झॉस्टच्या फुगीर भागातला) रुंदावत जाणारा शंकू सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढतो, आणि मागचा निमुळता शंकू निसटलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. हे काम दाबाची लहर करते. तिला जाऊन यायला अंतर जितकं जास्त, तितक्या कमी आरपीएमला ते गणित जुळतं. आखूड चेंबरची गाडी सपाटीवर सुसाट सुटते, पण चढावर सतत क्लच खेळवत बसावं लागतं. पोर्टिंगला (पोर्ट घासून मोठे करण्याला) तर हातच लावू नका. एकदा वर नेलेला एक्झॉस्ट पोर्ट खाली आणता येत नाही.

प्रश्न : हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर?

उत्तर : एअर-कूल्ड इंजिन, वेग कमी, म्हणजे वारा कमी. त्यात उष्णता वाढवू नये. स्क्विश (वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली कडेची फट) मात्र जरूर मोजा. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीला टेकवा, क्रँक वरच्या टोकावरून फिरवा आणि चेपलेलं टोक मोजा. १ ते १.२ मिलिमीटर आलं तर हेड आहे तसं बसवा.

प्रश्न : नवा चेंबर लावला, एअरबॉक्सचं झाकण काढलं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) जुनाच चालेल का? आणि पेट्रोलमधल्या ऑइलचं प्रमाण ४०:१ (४० भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) वरून ३२:१ केलं तर इंजिन जास्त सुरक्षित राहील ना?

उत्तर : जुना जेट ठेवलात तर पिस्टनला भोक पडू शकतं. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं. मुद्दाम मोठ्या जेटनं सुरुवात करा आणि फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लगचा रंग बघत एकेक पायरी लहान जेटवर या.

३२:१ म्हणजे लिटरमागे साधारण ३१ मिलिलिटर ऑइल, ४०:१ म्हणजे २५. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण लीनकडे झुकतं. म्हणून ऑइलचं प्रमाण आधी ठरवा, मग जेट निवडा, आणि पुढे प्रमाण बदललंत तर प्लग पुन्हा बघा.