पहिल्यांदाच आमसुलं घालताय? एवढं सांभाळा

घरच्या झाडाला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धरलेत, तर यंदा आमसुलं घालाच. जमेल तुम्हाला. फक्त मे महिन्यातच उरका. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर कोकणात उन्हाचा भरवसा नाही.

फळ पूर्ण गडद लाल झाल्यावरच काढा. हिरवट झाक असलेल्याचं आमसूल फिकं होतं. धुऊन कोरडी पुसा, अर्धी कापा, गर बियांसकट स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून त्यात जाडं मीठ घाला. रस सुटतो. सालं त्या रसात बुडवून काढायची, कडक उन्हात वाळवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात. याला पुटं देणं म्हणतात. सगळी चव आणि काळा रंग इथूनच येतो, म्हणून कंटाळा करू नका. जुनी माणसं सात पुटं देतात. पहिल्या वर्षी चार-पाच दिलीत तरी छान होतील.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- डागी, किडकं फळ "चालेल" म्हणून घेतात. एकाने सगळा रस बिघडतो.
- ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी पातेलं वापरतात. आंबट रसाला ते चालत नाही.
- संध्याकाळी आत घ्यायला विसरतात.
- ओलसर असतानाच बरणीत भरतात, मग बुरशी येते.

तयार आमसूल बोटांत मऊ वाकतं, पण ओल लागत नाही.

बिया टाकू नका, धुऊन वाळवून ठेवा. कोकमतेलाचं नंतर बघू.