खिडकीला वाकळ लावायची तर आधी कडा बघा

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमची खिडकी ईशान्येला, अल्युमिनियमची स्लायडिंग. डिसेंबर-जानेवारीत पहाटे असलं गार वारं येतंय की सासूबाईंचे गुडघे धरतात. जाड पडदा लावून झाला, फरक शून्य. घरात जुन्या नऊवारी पडून आहेत, त्यांची वाकळ शिवून खिडकीला टांगली तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: चालेल की! फक्त नुसती टांगून सोडली तर पडद्याचं झालं तेच होणार. काय होतं बघा, रात्री काच गार पडते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि खाली उतरून पडद्याच्या तळातनं खोलीत येते, तिच्या जागी वरच्या फटीतनं खोलीतली ऊबदार हवा काचेमागं ओढली जाते आणि तीही गार होते, असं रात्रभर चालू. त्यामुळं कापड किती का जाड असेना, वर न् बाजूला फट राहिली की पैसे पाण्यात.

शिवायला बसायच्या आधी एक करा. पहाटे पंखा बंद करून, पडदा बाजूला सारून पेटती उदबत्ती खिडकीच्या कडंनं सावकाश फिरवा, धूर जिथं आडवा पळतो तिथनं वारं येतंय. स्लायडिंगला बहुतेक दोन्ही दारं एकमेकांवर येतात तिथं सापडेल, कारण तिथली ब्रशची पट्टी झिजलेली असते, खिडक्या बसवणाऱ्याकडं नवीन मिळते, स्वस्तात काम होतं. खालच्या ट्रॅकला बारीक भोकं असतात ती मात्र बुजवू नका हां, पावसाचं पाणी तिथनं बाहेर जातं आणि आपला जुलै तुम्हाला माहीतच आहे.

आता वाकळ. खोलीच्या बाजूला नऊवारी, काचेकडं मांजरपाट, मध्ये भर. मांजरपाट आधी धुऊन घ्या, आटतं. भरीला सुटा कापूस नको, उभं टांगल्यावर तो घसरत घसरत तळाला गोळा होतो आणि वर नुसतं दुहेरी कापड राहतं. रजईत घालतात तो फायबरचा शीट घ्या, नाहीतर घरात फाटकी घोंगडी असेल तर तिच्यासारखं काही नाही, लोकर आहे, फक्त कसर लागू नये म्हणून अधनंमधनं कडक ऊन दाखवायचं. नुसत्या साड्यांचेच थर घातले तरी चालतं पण जड होतं.

टाके घालताना हात आवरा! अंथरायच्या वाकळंला आपण बोट-बोटभर अंतरावर धावदोरा घालतो कारण ती अंगाखाली जाते, धुताना आपटली जाते. खिडकीवर कोण झोपणार आहे? ऊब कापडात नसते, मध्ये अडकलेल्या हवेत असते, आणि जिथं टाका तिथं भर दाबली जाऊन ती हवा जाते. ४-५ इंचावर एक ओळ पुरे. टाक्यांनी वाकळ थोडी आक्रसते म्हणून कापतानाच २-३ इंच जास्त धरा, आणि तयार माप खिडकीच्या उघड्या भागापेक्षा चारी बाजूंनी ३ इंच मोठं ठेवा म्हणजे ती भिंतीवर चढते.

बसवायचं असं. वर भिंतीला लाकडी पट्टी स्क्रूनं मारा, तिच्यावर वेल्क्रोची एक बाजू, दुसरी वाकळंच्या वरच्या कडेला. बाजूंनाही वेल्क्रो. खाली नेफा शिवून त्यात सळई घाला म्हणजे वजनानं भिंतीला चिकटून राहते. बाजूला लोहचुंबक लावायची आयडिया बरेच जण करतात, ती जुन्या लोखंडी चौकटीला छान चालते, तुमच्या अल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही. मध्ये प्लास्टिकचा थर घालायचं व्हिडिओत दाखवतात तेही सोडून द्या, ते बर्फ पडणाऱ्या देशांचं, तिकडं घरात हीटर चालतो आणि आतली दमट हवा काचेवर जाऊन पाणी धरते, ती दमट हवा अडवायला तो थर असतो.

सकाळी मात्र गुंडाळून नाडीनं वर बांधायची, काच पुसायची, खिडकी उघडायची. दिवसभर तशीच बंद ठेवली तर मागं बुरशी धरते. घरात दक्षिणेला खिडकी असेल तर ती दुपारी सताड उघडी ठेवा, थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, ऊन चांगलं आतपर्यंत येतं. आपल्याकडं हीटर नसतो, वाकळ काही ऊब तयार करत नाही, दिवसाची आहे तेवढी धरून ठेवते. आणि वर पत्रा असेल तर आधी खाली छत मारून घ्या, खिडकीचं नंतर बघू.

प्रश्न: आम्ही पन्हाळ्याला राहतो, घरात बाळ-बाळंतीण आहे. खिडक्या अशा पॅक करून रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर?

उत्तर: अजिबात नाही. कोळशातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत कळतसुद्धा नाही आणि माणूस जातो. बाळाला शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना, आणि झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर. निखारे विझल्यासारखे दिसले तरी बाहेरच. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली खिडकीही झाकू नका, स्वयंपाकघरातली तर नाहीच, एक तर हवा पाहिजे आणि दुसरं म्हणजे शेगडीजवळ कापड पेट घेतं.

प्रश्न: थंडी संपल्यावर या वाकळंचं काय करायचं?

उत्तर: पश्चिमेच्या खिडकीला लावा की! एप्रिल-मेमध्ये दुपारी ३ नंतर तिकडनं भट्टी पेटते, तिथं मांजरपाटाची पांढरी बाजू काचेकडं ठेवून लावली तर उन्हाचा बराच भाग परत जातो. बाहेरच्या बाजूला चटई किंवा ताडपत्रीची सावली केली तर त्याहून बरं, कारण ऊन काचेच्या आत आलं की निम्मी लढाई हरलेलीच असते. मृग लागायच्या आत काढून, धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा.