गॅसचे बाराशे आणि वरच्या मजल्यापर्यंत आलेली नळी

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या मानेवाडा रोडला दुमजली घरात वरच्या दोन खोल्या. किराया साडेसहा हजार, शिवाय गॅसचे दर महिन्याला ठोक बाराशे. टाक्या घरमालकांच्या, खाली जिन्याखाली ठेवलेल्या. तिथून नारिंगी नळी भिंतीच्या कडेने वर येते आणि खिडकीतून तुमच्या शेगडीला लागते. दिवाळीत वीस दिवस तुम्ही सासरी काटोलला होतात, तरी बाराशे द्यावेच लागले. आता ते पंधराशे मागताहेत, नाही दिले तर खालून कॉक बंद करू म्हणतात. स्वतःची टाकी वर आणायलाही मनाई आहे. करार नाही, पावती नाही. सगळे पैसे एकरकमी त्यांच्या मुलाच्या फोनपेवर जातात.

पैशांचं नंतर बघू. आधी ती नळी.

घरगुती गॅसची सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. टाकी आणि शेगडी एकाच खोलीत, डोळ्यांसमोर असावी, हे त्यात गृहीतच आहे. तुमच्याकडे नळी एक मजला चढून येते आणि कॉक दुसऱ्याच्या हातात आहे. समजा तुम्ही वरण शिजत ठेवलंय आणि खालून कॉक बंद झाला. शेगडी विझली, बटण मात्र सुरूच राहिलं. दहा मिनिटांनी खालून कॉक पुन्हा उघडला, तर न पेटलेला गॅस तुमच्या स्वयंपाकघरात भरत जाईल. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि तुमची मुलं जमिनीवर बसून अभ्यास करतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून ‘कॉक बंद करू’ ही धमकी मला पैशांच्या तगाद्यापेक्षा फार गंभीर वाटते. आजपासून शेगडी विझलेली दिसली की आधी बटण बंद करा, खिडक्या उघडा. वास आला तर 1906 हा गॅस गळतीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, तिथे फोन करा.

काही मोठ्या संकुलांत गॅस बँक असते. लोखंडी पाइप, प्रत्येक घराला मीटर, सगळं परवानगीने बसवलेलं. ती व्यवस्था वेगळी. जिन्याखालून खिडकीत येणारी रबरी नळी त्यात बसत नाही. तेल कंपन्यांचा अपघात विमाही, विशेषतः घराच्या नुकसानीची भरपाई, अधिकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेशी बांधलेला असतो. तुमच्या खोल्यांत काही झालं तर दावा अडण्याची शक्यता मोठी आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ही वसुली कायदेशीर आहे का. घरगुती गॅसचा पुरवठा आणि वितरण यासाठी केंद्र सरकारचा 2000 सालचा आदेश आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला. त्यानुसार अधिकृत विक्रेत्याशिवाय कोणी गॅस विकू शकत नाही आणि ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. घरमालक आपल्या नावावरच्या 14.2 किलोच्या टाक्यांतून तीन बिऱ्हाडांना गॅस देऊन ठोक रक्कम घेत असतील, तर माझ्या मते ती विक्रीच आहे, मग तिला ‘सोय’ म्हणा की ‘चार्ज’. आणि जो व्यवहारच कायद्याला धरून नाही, त्याचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. म्हणजे वाढीव तीनशेसाठी ते तुमच्यावर दावा लावतील ही भीती काढून टाका.

पण हीच गोष्ट तुमच्या बाजूनेही लागू पडते. दिवाळीतल्या वीस दिवसांचे पैसे परत मागायला तुम्ही कोर्टात गेलात, तर तुम्हीही त्याच व्यवहारातल्या. शिवाय ठोक रक्कम तुम्ही मान्य करून दिली होती, वापरानुसार द्यायचं ठरलंच नव्हतं. ते पैसे सोडा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुमचा राग रास्त आहे, पण त्या पैशांमागे लागण्यात आज तुमचं हित नाही.

हित आहे ते किराया आणि गॅस वेगळे करण्यात, आणि ते याच महिन्यापासून. तुम्ही दर महिन्याला सात हजार सातशे एकत्र पाठवता, सोबत एक शब्द नाही. उद्या स्वतःची टाकी आणलीत आणि साडेसहाच पाठवले, तर ‘किराया सात हजार सातशेच ठरला होता, हे थकबाकीदार आहेत’ असं ते म्हणू शकतील. भारतीय करार कायद्याचं कलम 59 सांगतं, की पैसे कशापोटी देतो हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच खात्यात जमा धरावे लागतात. काहीच सांगितलं नाही तर कलम 60 प्रमाणे घेणारा ते दुसऱ्या कायदेशीर येण्याकडे वळवू शकतो. म्हणून फोनपेवर साडेसहा हजार वेगळे पाठवा आणि टीप लिहा, ‘मार्च महिन्याचा किराया’. गॅसचे पैसे स्वतःची सोय होईपर्यंत जुन्याच दराने, वेगळे, ‘मार्च गॅस’ असं लिहून. दोन्हींचे स्क्रीनशॉट मेलवर ठेवा, मोबाइल हरवतो.

आणि किराया एक दिवसही थांबवू नका. शेजारी सांगतील, ‘एक महिना किराया रोखा, ताळ्यावर येतील.’ ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 15 किराया देणाऱ्या किंवा द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूचं संरक्षण करतं. थकबाकीच्या कारणाने घर खाली करून मागायचं तर आधी लेखी नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत द्यावी लागते. ही ढाल आपल्या हाताने टाकू नका.

करार नाही म्हणून तुम्ही घाबरलेल्या दिसता. याच कायद्याचं कलम 55 वाचलं तर धीर येईल. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे. त्यांनी ती पाळली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. करार न नोंदवणं हा घरमालकाचा गुन्हाही आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 31 प्रमाणे पावतीही त्यांनीच द्यायची असते. मात्र कराराचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी वाचा. ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची नुसती परवानगी, तर तुम्ही त्या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू उरत नाही आणि वर सांगितलेलं बरंच संरक्षण जातं. अकरा महिन्यांनी घर सोडायची तयारी असेल तरच तो स्वीकारा.

आता गॅस. तुमच्या सासरी काटोलला यजमानांच्या नावावर कनेक्शन आहे आणि सध्या ते कोणी वापरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग नव्याची गरजच नाही, तिथल्या एजन्सीतून ते नागपूरला वर्ग करून घ्या. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदलेला भाडेकरार चालतो. तोवर एजन्सीत किंवा पेट्रोल पंपावर मिळणारी पाच किलोची छोटी टाकी घ्या. तिला ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडते, पण शेगडीशेजारी राहते आणि कॉक तुमच्या हातात असतो.

घरमालकांना साधं पत्र द्या, भांडणाची भाषा नको. एवढंच लिहा: ‘आम्ही दरमहा 6,500 रुपये किराया देत आलो आहोत व देत राहू. अमुक तारखेपासून गॅसची सोय आम्ही स्वतः करत आहोत. त्यानंतर गॅसपोटी रक्कम देय राहणार नाही. खिडकीतून आलेली नळी काढून घ्यावी व भाडेकरार नोंदवून द्यावा.’ स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

ते टाकी वर नेऊ देत नसतील तर तो कोर्टाकडे मनाई हुकूम, म्हणजे अडवणूक थांबवण्याचा आदेश, मागण्याचा विषय आहे. राहायला दिलेल्या घरात भाडेकरूने चूल पेटवायची नाही, असा कुठला कायदा नाही, आणि किराया देणाऱ्याला घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 म्हणतं. पाणी किंवा वीज तोडली तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 थेट लागू होतं. त्यात गॅसचं नाव नाही. यादी उदाहरणादाखल असल्याने युक्तिवाद करता येईल, पण तुमच्या बाबतीत मी तो करणार नाही, कारण मग ‘ती नळी सुरू ठेवा’ अशी मागणी आपण कोर्टापुढे करू, आणि मला ती नळी निघायला हवी आहे.

जीवनावश्यक वस्तू कायद्याखालची तक्रार जड हत्यार आहे, त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही त्यांच्याच डोक्यावर राहता, म्हणून आधी पत्र, मग त्यांच्या गॅस एजन्सीकडे सुरक्षा तपासणीची लेखी मागणी, आणि त्याने काम झालं नाही तरच जिल्हाधिकारी कार्यालयातला पुरवठा विभाग. एक अपवाद मात्र सांगतो. खाली एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरताना दिसलं, तर कोणाची वाट न बघता 112 वर फोन करा.

वकिलाची फी परवडणार नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर विचारा. जाताना आधार कार्ड, वर्षभराच्या फोनपे नोंदी, त्या नळीचे खालपासून वरपर्यंतचे फोटो, आणि पत्राची प्रत व पोच सोबत न्या. दावा यजमानांच्या नावाने न लावता तुमच्या नावाने लावता येतो का, हे तिथेच विचारून घ्या. पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर तो तुमच्या नावाने लावणं सोपं जाईल.