गुडघा गेला, करारही गेला. दावा कुणावर करायचा?

प्रश्न : माझा मुलगा पेठेतल्या तालमीच्या संघाकडनं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतच मोठा झाला. पुढं बाहेरच्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला करारावर घेतलं, महिना 45 हजार. सरावात गुडघा दुखावला. हॉस्पिटलनं कार्डावर ‘6 आठवडे खेळ बंद’ असं लिहिलं होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात क्लबच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन त्याला उतरवला आणि लिगामेंट पूर्ण तुटलं. दोन ऑपरेशनं झाली, आता पळता येत नाही. कराराचे 7 महिने बाकी असताना पगार बंद केला. प्रमाणपत्रात अपंगत्व 20 टक्केच दिलंय. गल्लीत म्हणतात, खेळात लागायचंच, त्यासाठी कोण कोर्टात जातं? पोरगा मोबाईलवर दाखवतो की इंग्लंडमध्ये एकाला पाय मोडला म्हणून कोट्यवधी मिळाले. खरं काय धरायचं?
– एक वडील, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : गल्लीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मैदानात उतरणारा खेळातला नेहमीचा धोका पत्करूनच उतरतो आणि कायदाही ते मानतो. इंग्लंडमध्ये 1992 साली लिव्हरपूल क्लबविरुद्धच्या मॅचमध्ये चेल्सी क्लबच्या पॉल एलियटचा गुडघा कायमचा गेला. त्यानं समोरच्या खेळाडूवर दावा लावला आणि 1994 मध्ये तो हरला. नुसतं लागलं म्हणून पैसे मिळत नाहीत, हे तिथं स्पष्ट झालं.

तुमचा पोरगा दाखवतो ती केस बहुतेक बेन कोलेटची. मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघातला 18 वर्षांचा पोरगा. 2003 मध्ये टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्यानं चेंडू हिसकावताना, पाय मोडला आणि 2008 मध्ये कोर्टानं 43 लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. पण तिथं समोरच्या क्लबनं चूक आधीच मान्य केली होती. भांडण फक्त रकमेचं होतं. पोरगा किती वर्षं खेळला असता, कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये, दुसऱ्या कामातून आता किती कमावेल, याचा न्यायाधीशांनी हिशेब मांडला. खुद्द युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांची साक्ष झाली. आपल्याकडं एवढ्या रकमेची आशा धरू नका.

तुमच्या कामाची केस वेगळी आहे. इंग्लंडच्याच टॉटनहॅम क्लबचा रदवान हमेद, वय 17, 2006 मध्ये मॅच खेळताना हृदय बंद पडून कोसळला आणि मेंदूला इजा झाली. ईसीजीत आधीच खोट दिसली होती. 2015 मध्ये कोर्टानं 70 टक्के जबाबदारी क्लबवर टाकली, कारण चूक क्लबच्या डॉक्टरांची होती. समोरच्या खेळाडूचा तिथं संबंधच नव्हता. तुमच्या मुलाचंही तेच आहे. टॅकल कुणी मारला हे सोडून द्या. ‘6 आठवडे खेळ बंद’ ही ओळ आणि मॅचची तारीख, या दोन गोष्टींवर तुमची केस उभी आहे. ते कार्ड लॅमिनेट करू नका, मूळ कागद तसाच ठेवा. मॅचच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय, इंजेक्शनची चिठ्ठी, फिजिओचे व्हॉट्सअॅप मेसेज, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, सगळं जमवा. इंजेक्शनला मुलानं स्वतःच ‘हो’ म्हटलं, असं क्लब म्हणेल. पण कार्डावरची ओळ माहीत असताना डॉक्टरनं धोका त्याला समजावून सांगितला होता का, हा आपला उलटप्रश्न.

20 टक्क्यांनी खचू नका. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून कोर्टानं त्याला त्या कामापुरता पूर्ण अपंग धरलं. प्रमाणपत्र गुडघ्याचं असतं; नुकसान धंद्याचं मोजायचं असतं. मात्र तो निवाडा कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालचा आहे; 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. क्लबचा खेळाडू त्यात ‘कर्मचारी’ बसतो का, यावरच आधी भांडावं लागेल, शिवाय त्यात हिशेबाला धरायच्या पगारावर मर्यादा आहे. माझा कल निष्काळजीपणाच्या दिवाणी दाव्याकडं आहे. त्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, तेव्हा लवकर हला.

थकलेला पगार हा निराळा विषय, आणि तुलनेनं सोपा. दुखापत झाली एवढ्यावर करार मोडणं फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, निवाड्यांत सबळ कारण धरलं जात नाही. कराराची प्रत जोडून भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडं अर्ज करा. अपघात विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत व्यावसायिक खेळ वगळलेला असतो आणि एजंट ते सांगत नाही. कंपनीनं क्लेम नाकारला तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडं वर्षाच्या आत तक्रार करता येते, तीही फुकट.

क्लब आता ‘माणुसकीच्या नात्यानं’ चेक घेऊन येईल. घ्यायला हरकत नाही. पण पावतीवर ‘यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’ असं काही छापलेलं असेल तर सही करू नका, आणि मुलालाही करू देऊ नका.