नखाने ओढलेली रेघ अंगावर उठते तेव्हा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या १६ वर्षांच्या मुलीच्या हाताला नख लागले किंवा खांद्यावर दप्तराचा पट्टा घासला, की तिथे लाल, फुगीर रेघ उठते, खाज सुटते आणि तासाभरात सारे मावळते. घरचे दृष्ट काढतात, शेजारणी तिला जवळ बसू देत नाहीत. हा आजार पसरतो का?

उत्तर : ताई, हा आजार स्पर्शाने मुळीच पसरत नाही, हे शेजारणींना निःशंकपणे सांगा. वर्णनावरून हा अंगावर पित्त उठण्याचाच एक प्रकार, 'डर्मोग्राफिझम', वाटतो. त्वचेतील मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या संरक्षक पेशी) साध्या घर्षणानेही हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन सोडतात, त्यामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतून द्रव पाझरतो आणि नखाची वाट जशीच्या तशी उमटते. डॉक्टर बोथट वस्तूने पाठीवर रेघ ओढून बहुधा तेवढ्यावरच निदान करतात.

थंडीपावसात तिच्या अंगावर घोंगडे थेट न घालता आत मऊ सुती चादर द्या. कढत पाण्याची अंघोळ, घट्ट कपडे आणि खसाखसा टॉवेल घासणे टाळा. खाजवल्याने नव्या रेघा उठतात, म्हणून ओल्या गार फडक्याने शेकणे बरे. त्रास रोजचा असेल, तर फारशी गुंगी न आणणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्या त्वचारोगतज्ज्ञ देतात. ओठ वा जीभ सुजली, श्वास अडकू लागला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठा. तिच्या हातावर गंमत म्हणून अक्षरे काढणाऱ्या मैत्रिणींना ते थांबवायला सांगा. त्या खाजेने मुलीचा जीव खरोखर मेटाकुटीला येतो.